छोट्या दवाखान्यातला स्टाफ: टिकवायचा कसा, सांभाळायचा कसा

तालुक्याच्या गावातला एका डॉक्टरांचा दवाखाना धरू. रिसेप्शनवर एक मुलगी, दोन सिस्टर, एक कंपाउंडर आणि साफसफाई बघणाऱ्या मावशी, अशी पाच माणसं. यातलं एक माणूस सोडून गेलं की ओपीडी लंगडी होते आणि नवीन माणूस हाताशी यायला दोन-तीन महिने जातात. स्टाफ टिकत नाही म्हटल्यावर डॉक्टर आधी पगाराचा विचार करतात. पगार बरा हवाच. पण चांगल्या पगारावरूनही माणसं जातात, कारण ती अनिश्चिततेला वैतागलेली असतात. रात्री घरी किती वाजता पोचू, पगार कोणत्या तारखेला होईल, कुठलं काम आपल्या गळ्यात पडेल आणि पेशंटसमोर कधी बोलणी बसतील, यातलं काहीच त्यांना आधी कळत नाही. सुरुवात इथून करा. बक्षिसांचा विचार नंतर.

ड्युटीच्या वेळा

आपल्याकडे ओपीडी दोन वेळा चालते. सकाळी 10 ते 2 आणि संध्याकाळी 5:30 ते 9 असेल, तर उघडणं-आवरणं धरून स्टाफ 9:30 ते 2 आणि 5 ते 9:30 थांबतो. दिवसाचे 9 तास, सहा दिवसांचे 54. कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, ती इथेच ओलांडली. शिवाय दुपारचे तीन तास मध्येच लोंबकळतात. शेजारच्या गावातून येणारी सिस्टर तेवढ्यात घरी जाऊन येऊ शकत नाही, म्हणजे तिचे बारा तास दवाखान्यातच गेले. अशी मुलगी वर्षभरात सोडून गेली, तर दोष तिचा नाही.

उपाय म्हणजे दोन सलग पाळ्या. पहिली 9:15 ते 4, दुसरी 2:45 ते 9:30. अर्धा तास जेवणाचा किंवा चहाचा धरूनही दोघींचे तास मर्यादेत बसतात आणि सव्वा तास दोघी एकत्र मिळतात. दुपारची शांत वेळ वाया जात नाही: ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं मशीन) लावणं, औषधांचा साठा मोजणं, फॉलोअपचे फोन, विम्याची कागदपत्रं ही कामं तेव्हाच नीट होतात. रिसेप्शनला एकच पूर्णवेळ माणूस परवडत असेल, तर तिला पूर्ण सकाळ द्या आणि संध्याकाळसाठी गावातलीच, चार तास येऊ शकणारी दुसरी व्यक्ती बघा. एकीलाच दोन्ही वेळा ओढण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, कारण दर सहा महिन्यांनी नवीन मुलगी शिकवायचा खर्च वाचतो.

संध्याकाळची पाळी गावात राहणाऱ्या माणसाला द्या. शेवटची एसटी कितीला आहे, हे तक्ता लिहिण्याआधी प्रत्येकाला विचारून घ्या. ओपीडी लांबली आणि बस चुकली, तर रिक्षाचं भाडं दवाखान्याने द्यायचं, हा नियम लिहून ठेवा. मागून घ्यायची वेळ कुणावर येऊ नये. सोमवारी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी ठरलेली असते. त्या दिवशी कुणाची साप्ताहिक सुट्टी ठेवू नका आणि दुसऱ्या पाळीतल्या एकाला 11 लाच बोलवा. त्याच्या बदल्यात त्याच आठवड्यात एक दिवस लवकर सोडा.

सणांच्या रजा तीन महिने आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घ्या. गौरी-गणपतीला सगळ्यांनाच घरी जायचं असतं. यंदा ज्यांना सुट्टी मिळाली, ते पुढच्या वर्षी थांबतील, हे आजच लिहा. गावची जत्रा, वारी, ईद, नाताळ यांचंही तसंच. आयत्या वेळच्या दांड्या यामुळे बऱ्याच कमी होतात, कारण बहुतेक दांड्या म्हणजे मागूनही न मिळालेल्या रजा असतात.

कुठलं काम कुणाचं

हुद्द्यावरून काम वाटू नका. सकाळी कुलूप उघडल्यापासून रात्री शटर पडेपर्यंत होणारं प्रत्येक काम वेळेच्या क्रमाने लिहा आणि प्रत्येकासमोर दोन नावं घाला: करणारा आणि तो नसताना करणारा. दुसरं नाव नसलेलं काम म्हणजे पुढचं भांडण.

काम कसं लिहिता यावर बरंच अवलंबून असतं. ‘ऑटोक्लेव्ह लावणे’ एवढंच लिहिलं तर मशीन लावलं जातं, सामान निर्जंतुक झालं की नाही ते कुणी बघत नाही. त्याऐवजी लिहा: 121 अंश, 15 पौंड दाब, गुंडाळलेल्या सामानाला 30 मिनिटं, टेपवरचे पट्टे काळे झालेले बघणे, पाकिटावर तारीख आणि सही. काम झाल्याची खूण समोर दिसली की डॉक्टरांना रोज ‘झालं का?’ विचारावं लागत नाही आणि करणाऱ्यालाही आपण नीट केलंय याची खात्री असते.

दोन ठिकाणी हे वाटप हमखास मोडतं. पहिलं म्हणजे दोन मालक. डॉक्टर एक सांगतात, त्यांच्या घरचे येऊन दुसरं सांगतात. घरातलं कुणी दवाखाना बघत असेल तर विषय वाटून घ्या: पगार, रजा, खरेदी एकाकडे आणि पेशंटशी संबंधित सगळं दुसऱ्याकडे. स्टाफने एकाकडे नाही ऐकलं की दुसऱ्याकडे जायचं, ही सवय लागू देऊ नका. दुसरं म्हणजे घरकाम. मावशींना दवाखान्याच्या वेळेत डॉक्टरांच्या घरची भाजी आणायला किंवा मुलांना शाळेतून आणायला पाठवणं. हे उघड कुणी बोलून दाखवत नाही, पण मनात खोल बसतं आणि बाकीचे चौघेही ते बघत असतात. हे पूर्ण बंद ठेवा.

इंजेक्शन, सलाईन, टाके काढणं ही कामं प्रशिक्षित माणसाचीच. नेमणूक करताना एएनएम किंवा जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सचं प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघा, तिची मुदत तपासा आणि झेरॉक्स ठेवून मूळ कागद लगेच परत करा. ‘शिकवून तयार केलेल्या’ मुलीवर हे काम टाकणं पेशंटला धोक्याचं आहेच. काही बिघडलं तर तिच्या पाठीशी कुठलाच कागद नसतो, म्हणजे तिच्यावरही अन्याय आहे.

पैसे

पगाराची तारीख एकच ठेवा, शक्यतो 1, आणि पगार बँकेत जमा करा. कायद्याने 7 तारखेपर्यंत द्यायचाच असतो. स्टाफने केबिनच्या दाराशी येऊन ‘सर, पगार...’ म्हणायची वेळ आली, तर त्या महिन्याची उमेद तिथेच संपली. छोटी का होईना, पगाराची चिठ्ठी द्या: दिवस, रजा, जादा तास, कापलेली उचल, हाती आलेली रक्कम.

उचल हा नाजूक विषय आहे. लग्न, आजारपण, शाळेची फी यांसाठी दवाखान्यात उचल मागितली जाणारच आणि ती देण्यात माणुसकी आहे. फक्त नियम सगळ्यांना सारखा ठेवा: एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त नाही, तीन ते पाच हप्त्यांत कपात, आधीची फिटल्याशिवाय दुसरी नाही, वहीत दोघांची सही. एकाला तोंडी दिली आणि दुसऱ्याला नाही म्हटलं, की दुपारपर्यंत सगळ्या स्टाफला कळतं.

पगारवाढीचा महिना नेमणूकपत्रातच लिहा. दिवाळीचा बोनस वसुबारसेच्या किमान आठवडाभर आधी द्या; खरेदी उरकल्यावर मिळालेल्या पैशाचं समाधान अर्धंच असतं. मुस्लिम किंवा ख्रिस्ती सहकाऱ्याला तो ईदला की नाताळला हवा, हे विचारा.

तपासण्या, औषधं किंवा पेशंटच्या आकड्यावर कमिशन कधीच देऊ नका. रिसेप्शनिस्टला नंबरावर पैसे मिळाले, तर ती दुसऱ्या दिवशी चालण्यासारखा पेशंटही आजच कोंबेल आणि सिस्टर नको ती तपासणी सुचवेल. तक्त्यांवरही बक्षीस नको. लसींच्या फ्रिजचं तापमान 2 ते 8 अंशांत असायला हवं आणि त्याची दिवसातून दोनदा नोंद लागते. ‘तक्ता पूर्ण भरला तर बक्षीस’ म्हटलंत की महिनाभर ओळीने 4, 4, 4 दिसेल. त्यापेक्षा रात्री लाईट गेली होती आणि फ्रिज 11 वर होता, हे जिने येऊन सांगितलं, तिचं सगळ्यांसमोर नाव घ्या. तिच्यामुळे बाळांना निकामी लस जाणं टळलं.

पैशाशिवाय माणसाला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे शिकणं. सिस्टरला ईसीजी काढायला, नेब्युलायझेशन नीट द्यायला शिकवा. कंपाउंडरला औषधांच्या साठ्याचं सॉफ्टवेअर द्या. रिसेप्शनच्या मुलीला बाहेरून बी.ए. करायचं असेल, तर परीक्षेची रजा आधीच कबूल करा. स्टाफच्या घरच्यांची तपासणी मोफत ठेवा, आणि त्यांना रांगेत ताटकळत ठेवू नका.

बोलणी आणि कौतुक

पेशंटसमोर ओरडायचं नाही. यात अपवाद शोधू नका. चुकीचं इंजेक्शन भरलं जात असेल तर शांतपणे ‘सिस्टर, थांबा, मी बघतो’ एवढंच म्हणा आणि काम हातात घ्या. ओपीडी संपल्यावर, केबिनचं दार लावून, तीन गोष्टी बोला: नेमकं काय झालं, त्याने काय बिघडलं असतं, उद्यापासून काय वेगळं करायचं. जुन्या चुका उकरू नका. तारीख डायरीत लिहा. तीच चूक तिसऱ्यांदा झाली तर लेखी समज द्या. कौतुक मात्र पेशंटसमोरच करा, आणि नेमकं: ‘बीपी वाढलंय ते सिस्टरांनी लक्षात आणून दिलं.’ त्या एका वाक्याने पेशंट सिस्टरचंही ऐकायला लागतो आणि तिचं काम हलकं होतं.

सगळ्यात जास्त बोलणी रिसेप्शनला खावी लागतात, आणि त्याचं कारण पुष्कळदा डॉक्टरच असतात. ओळखीचा फोन आला, ‘या, थेट आत या’ म्हटलं, आणि बाहेर तासभर बसलेले वीस जण त्या मुलीवर तुटून पडले. नंबर न लावता कोण आत जाणार, याची यादी तिच्या टेबलावर चिकटवा: छातीत दुखणं, दम लागणं, फिट, सर्पदंश, जोराचा रक्तस्राव, गरोदर बाईला रक्त जाणं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप. बाकी सरपंच असोत की शेजारी, नंबर. हे टाळणं जमत नसेल तर तासाला दोन जागा उघडपणे राखून ठेवा. कुणी तिला शिवीगाळ केली तर डॉक्टरांनी स्वतः बाहेर यावं. महाराष्ट्राचा 2010 चा हिंसाचार-प्रतिबंधक कायदा डॉक्टरांइतकाच परिचारिका आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांनाही संरक्षण देतो. हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. याची पाटी दर्शनी लावा आणि वेळ आली तर तक्रार दवाखान्याच्या नावाने करा, तिला एकटीला चौकीत पाठवू नका.

सुई टोचली तर

स्टाफचा तुमच्यावर विश्वास आहे की नाही, ते इथे कळतं. ओरडा बसेल या भीतीने सुई टोचल्याचं लपवलं जातं आणि औषधाची वेळ निघून जाते. बहुतेक वेळा टोचते ती मावशींना, कारण सिस्टरने घाईत सुई पिवळ्या पिशवीत टाकलेली असते. म्हणून सुईसाठीचा पांढरा, न टोचणारा डबा इंजेक्शन देतात तिथेच, हाताच्या अंतरावर ठेवा. टोपण परत लावायचं नाही. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद.

टोचलीच तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. लगेच डॉक्टरांना सांगायचं, ओपीडी चालू असली तरी. ती सुई ज्याला वापरली त्या पेशंटची संमती घेऊन एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासायचं. एचआयव्हीचा धोका वाटला तर प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं, 72 तासांनंतर उपयोग नाही. कोर्स 28 दिवसांचा. जवळचं एआरटी केंद्र (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे, ते आणि तिथला नंबर आजच भिंतीवर लावा.

2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, नेमणुकीच्या वेळी व दरवर्षी प्रशिक्षण आणि आरोग्य तपासणी ही दवाखान्याची जबाबदारी आहे. हिपॅटायटिस बीचे डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा, 10 mIU/ml किंवा जास्त हवी. मावशींनाही. पुष्कळ ठिकाणी सिस्टरना लस दिलेली असते आणि मावशींना विसरलेलं असतं.

आठवड्याची वीस मिनिटं

दोन्ही पाळ्या एकत्र असतात त्या वेळात, आठवड्यातून एकदा, सगळ्यांनी बसावं. या आठवड्यात काय अडलं, कुठली वस्तू संपत आली, कुठल्या पेशंटने काय तक्रार केली, एवढंच. पहिल्यांदा मावशींना बोलू द्या. सिस्टर आणि डॉक्टर बोलून झाल्यावर त्या गप्प बसतात. ठरलेली गोष्ट, करणाऱ्याचं नाव आणि तारीख वहीत लिहा, पुढच्या बैठकीत तिथूनच सुरुवात करा. मागची तीन कामं तशीच राहिली आणि ती डॉक्टरांची होती, असं दिसलं तर बैठकीला अर्थ उरत नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारीची सोयही याच वेळी सांगून ठेवा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. समितीचा पत्ता नोटीस बोर्डावर हवा.

आणि कुणी सोडून जायचं म्हटलं तर महिनाभराची नोटीस घ्या, त्या महिन्यात तिच्याकडून कामाची यादी नव्या माणसाच्या हाती सोपवून घ्या, राहिलेला पगार आणि अनुभवाचं पत्र शेवटच्या दिवशीच द्या. प्रमाणपत्रं अडवून ठेवणं, शेवटचा पगार लांबवणं असले प्रकार मागे राहिलेला स्टाफ बारकाईने बघत असतो. जाताना का निघालात, हे विचारा आणि ते खरं सांगतील अशा शांतपणे ऐका.