गॅरेजमध्ये कमी खर्चात गोल्फ सिम्युलेटर कसा उभारावा

गॅरेजमध्ये गोल्फ सिम्युलेटर, म्हणजे चेंडू पडद्यावर मारून त्याचे पुढचे उड्डाण चित्रात पाहण्याची सोय, उभारायचे मनात आले की बहुतेक जण लाँच मॉनिटरच्या, म्हणजे फटक्याचा वेग, कोन आणि फिरकी मोजणाऱ्या यंत्राच्या, तुलना वाचायला बसतात, त्यातला एखादा विकत घेतात आणि जागा त्यानंतर मोजतात. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर हा क्रम बदलायला हवा, कारण कोणते यंत्र चालेल, पडदा केवढा असेल आणि प्रोजेक्टर कुठे टांगता येईल, हे सारे छताची उंची आणि खोलीची लांबी ठरवते. पैशांची वाटणी करतानाही माझा क्रम ठाम आहे: आधी चेंडू सुरक्षितपणे अडवणारा पडदा आणि हाताचे सांधे सांभाळणारी मॅट, मग लाँच मॉनिटर, आणि प्रोजेक्टर सर्वांत शेवटी. पडद्याऐवजी जाळी आणि प्रोजेक्टरऐवजी समोर ठेवलेला टॅब्लेट एवढ्यावरही उत्तम सराव होतो. मोठे चित्र पुढे केव्हाही जोडता येते.

जागेचे मोजमाप

लांबी-रुंदीत थोडी तडजोड करता येते, उंचीत मात्र करता येत नाही. साधारण ९ फूट ही खालची मर्यादा समजावी. १० फूट असली तर उंच खेळाडूही ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब क्लब (गोल्फची काठी), मोकळेपणाने फिरवू शकतो. तरीही आकड्यावर विसंबून न राहता, घरातल्या सर्वांत उंच खेळाडूला चेंडूच्या नियोजित जागी उभे करावे, त्याला ड्रायव्हर अगदी सावकाश फिरवायला सांगावे आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून क्लबचे टोक छतापासून किती दूर राहते ते पाहावे. वर एक वीतभर तरी मोकळी जागा उरली पाहिजे. हे मोजताना मॅट आणि तिच्याखालचा प्लायवूड यांनी उंचीतले दोन-तीन इंच खाल्लेले असतील, हे विसरू नये. दाराचे रूळ, दार उघडणारी मोटर आणि छताचे दिवे हेही उंचीतच मोजावेत. क्लब छताला प्रत्यक्ष लागला नाही, तरी छत जवळ असल्याची जाणीव खेळाडूचे खांदे आखडते आणि त्याचा स्विंग नकळत आखूड होतो. अशा स्विंगचा सराव मैदानावर नडतो. म्हणून साडेआठ फुटांच्या छताखाली केवळ आयर्न आणि वेज या आखूड क्लबांचाच सराव ठेवावा, असे मी आवर्जून सांगेन.

रुंदीला १० फूट असले तर फक्त उजव्या किंवा फक्त डाव्या हाताने खेळणाऱ्यांचे काम भागते, मात्र चेंडू मध्यापासून थोडा बाजूला ठेवावा लागतो. उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही हातांचे खेळाडू एकाच मध्यबिंदूवरून खेळणार असतील, तर १४ फूट लागतात. लांबीचा हिशेब तुकड्यांनी करावा: भिंत आणि पडदा यांत किमान १ फूट, पडद्यापासून चेंडूपर्यंत ९ ते १० फूट आणि चेंडूच्या मागे खेळाडूसाठी निदान ५ ते ६ फूट. यंत्र चेंडूच्या मागे ठेवायचे असेल, तर हा शेवटचा तुकडा ७ ते ८ फुटांवर जातो आणि एकूण लांबी १८ फुटांच्या आसपास पोहोचते.

एक गोष्ट सहसा सुटून जाते. पाणी बाहेर वाहून जावे म्हणून गॅरेजच्या जमिनीला बहुधा दाराकडे उतार दिलेला असतो. तो डोळ्यांना जाणवत नाही, पण लांब स्पिरिट लेव्हल ठेवली की बुडबुडा लगेच सरकतो. अशा जमिनीवर उभे राहून मारलेला प्रत्येक फटका उतारावरचाच असतो आणि त्यावर ठेवलेले यंत्रही कललेलेच मोजते. उभे राहण्याच्या जागेखाली प्लायवूडचा चौथरा करून, त्याखाली पाचरी सारून तो समतल करावा. यंत्रही त्याच पातळीवर ठेवावे.

लाँच मॉनिटरची निवड

कमी खर्चाच्या यंत्रांत दोन मुख्य जाती आहेत. रडारवर चालणारी यंत्रे, उदाहरणार्थ गार्मिन ॲप्रोच आर१०, चेंडूच्या मागे ६ ते ८ फुटांवर ठेवतात आणि ती उडणाऱ्या चेंडूचा माग काढतात. कॅमेऱ्याची यंत्रे, उदाहरणार्थ स्कायट्रॅक, चेंडूच्या शेजारी बसतात आणि फटक्यानंतरच्या क्षणांची छायाचित्रे घेऊन वेग, कोन आणि फिरकी काढतात. रॅप्सोडो एमएलएम२प्रोसारखी काही यंत्रे दोन्ही तंत्रे एकत्र वापरतात, आणि फिरकी मोजण्यासाठी त्यांना खास खुणा असलेले चेंडू लागतात.

बंदिस्त जागेत रडारची अडचण कुठे होते, ते साध्या हिशेबाने कळते. ड्रायव्हरने मारलेला चेंडू सेकंदाला ६० मीटर वेगाने निघाला, तर ८ फूट अंतर तो सुमारे ०.०४ सेकंदात कापतो. त्याची फिरकी मिनिटाला २,५०० फेऱ्यांची असली, तर एवढ्या वेळात चेंडूच्या दोन फेऱ्याही पुऱ्या होत नाहीत. म्हणून स्वस्त रडार यंत्रे बंदिस्त जागेत वेग आणि उड्डाणकोन बऱ्यापैकी सांगतात, पण फिरकीचा आकडा पुष्कळदा अंदाजाने काढतात, आणि हवेतले वळण त्या अंदाजावरच दिसते. खोली १८ फूट लांब असेल आणि अंतराचा सराव हा मुख्य हेतू असेल, तर रडार पुरेसे आहे. खोली आखूड असेल किंवा वळणाऱ्या फटक्यांवर काम करायचे असेल, तर कॅमेऱ्याच्या यंत्रासाठी थोडा काळ थांबून पैसे साठवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

रडारच्या टप्प्यात फिरता पंखा ठेवू नये, कारण हलणारी वस्तू त्याला गोंधळात टाकते. कॅमेऱ्याच्या यंत्रावर थेट ऊन पडू देऊ नये. जुने यंत्र घेताना त्याचा परवाना आणि खाते नव्या मालकाच्या नावावर होते का, याची खात्री करूनच पैसे द्यावेत.

चौकट आणि पडदा

चेंडूचे वजन नियमांनुसार जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असते, पण सेकंदाला ६० मीटर वेगाने जाणाऱ्या अशा चेंडूत ८० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा असते. ती ऊर्जा पडद्याने गिळावी आणि चेंडू खाली पडावा, यासाठीच ही सारी रचना आहे. म्हणून साधी चादर किंवा जाहिरातीच्या फलकाचे कापड येथे वापरू नये. गोल्फसाठीच विणलेला जाड पॉलिएस्टरचा पडदा घ्यावा.

चौकटीसाठी साधारण १ इंची जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आणि तीन तोंडांचे कोपरे वापरावेत. प्लॅस्टिकचे पाइप स्वस्त पडतात, पण १० फुटांचा आडवा पाइप पडद्याच्या वजनाने हळूहळू मध्ये वाकतो आणि चित्राला सुरकुत्या पडतात. चौकट उभी केल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले की चौकट काटकोनात आली. उभे पाइप ओळंब्यात आहेत ना, तेही पाहावे आणि मगच चौकट भिंतीला किंवा छताला बांधून घ्यावी.

पडदा काठावरच्या कड्यांतून रबरी लवचीक दोऱ्यांनी बांधतात. येथे हाताला अंदाज यावा लागतो. पडदा ढोलकीच्या पुडीसारखा ताणला, तर चेंडू उसळून थेट खेळाडूच्या पायांवर येतो. फार सैल सोडला, तर चेंडू मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. वरच्या आणि बाजूच्या दोऱ्या चित्र सपाट दिसेल एवढ्याच आवळाव्यात आणि खालची कड मात्र सैल ठेवून पडद्याला किंचित झोळ राहू द्यावा. मग वेजने अर्ध्या ताकदीचे फटके मारून पाहावे: चेंडू पडद्याला लागून खाली पडला आणि सावकाश घरंगळत आला, तर ताण बरोबर आहे. वेगाने परत आला, तर दोऱ्या सैल कराव्यात आणि त्याशिवाय ड्रायव्हरला हात लावू नये. पडद्याच्या मागे काही इंच अंतर सोडून जाड गोधडी किंवा जुना गालिचा टांगला, तर आवाज कमी होतो आणि भिंतही सुरक्षित राहते.

पाइपाला थेट लागलेला चेंडू मोठ्या वेगाने माघारी येतो. यासाठी प्रत्येक पाइप फोमच्या जाड आवरणाने पूर्ण झाकावा आणि पडद्याचा काठ फोमवरून पुढे आणावा. वरच्या बाजूलाही संरक्षण हवे. वेजने उंच उचललेला चेंडू ४५ अंशांनी निघाला, तर ९ फुटांवर तो ९ फूट वर गेलेला असतो, म्हणजे पडद्याच्या वरच्या काठापाशी किंवा छतावरच. चौकटीच्या माथ्यावरून खेळाडूच्या दिशेने दोन-तीन फूट कापड किंवा जाळी टांगल्याने हा धोका टळतो. दोन्ही बाजूंना जाळी लावावी. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर असतो, त्यामुळे जाळीचे घर २५ मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे.

पडद्याचे आयुष्य चेंडूंवर अवलंबून असते. नव्या वेजच्या धारदार खाचांनी चेंडूचे आवरण खरवडले जाते आणि असा खरखरीत चेंडू पडद्यावर कानशीसारखा घासतो. सरावाचे चेंडू पुसून वेगळे ठेवावेत आणि बोटांना खरवड जाणवली की तो चेंडू बाजूला काढावा.

मॅट

काँक्रीटवर टाकलेली पातळ, टणक मॅट मनगटाला आणि कोपराला दुखापत करते. तिचा दुसरा दोष असा की चेंडूच्या आधी जमिनीला लागलेला क्लब मॅटवरून घसरतो आणि वाईट फटकाही चांगला वाटतो. निदान चेंडूखालची पट्टी तरी जाड, दबणारी आणि बदलता येणारी घ्यावी, आणि पायांखालचा भाग तिच्याच उंचीवर आणावा. काटकसर करायचीच असेल, तर पायांखाली प्लायवूडवर रबरी फरशा टाकाव्यात.

चित्र आणि संगणक

प्रोजेक्टर निवडताना थ्रो रेशो पाहावा, म्हणजे पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी. हे प्रमाण ०.५ असेल, तर १० फूट रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर पडद्यापासून ५ फुटांवर येतो, १.२ असेल, तर १२ फुटांवर, म्हणजे खेळाडूच्या मागे जातो आणि पडद्यावर त्याची सावली पडते. जवळून मोठे चित्र देणारा प्रोजेक्टर छताला, पण चेंडूच्या सरळ रेषेपासून थोडा बाजूला टांगावा आणि त्याच्यापुढे मजबूत जाळी लावावी. चित्राच्या आकाराचाही विचार आधीच करावा: १० फूट रुंदीला १६:९ चित्राची उंची सुमारे ५ फूट ८ इंच भरते, तर ४:३ चित्राची साडेसात फूट. उंच पडदा असेल, तर जुना ४:३ प्रोजेक्टर तो अधिक चांगला भरतो. दिवा चेंडूवर असावा, पडद्यावर नसावा, आणि आजूबाजूच्या भिंतींना गडद, न चमकणारा रंग द्यावा.

मैदान आणि चेंडूचे उड्डाण दाखवणारे सॉफ्टवेअर घेण्याआधी ते आपल्या यंत्राशी जोडले जाते का, ते तपासावे. जीएसप्रो या सॉफ्टवेअरला विंडोजचा संगणक आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. ई६ कनेक्ट आयपॅडवरही चालते. यंत्राची आणि सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी तीन वर्षांसाठी जोडून पाहिली, तर स्वस्त वाटलेले यंत्र कधीकधी महाग ठरते.

पहिली जुळणी

चेंडूची जागा आणि पडद्याचा मध्य यांत सुतळी ताणून जमिनीवर रेघ मारावी आणि यंत्र त्या रेघेला धरून लावावे, कारण यंत्राची दिशा किंचित चुकली तरी सगळे फटके एकाच बाजूला गेलेले दिसतात. मैदानावर ज्याचे अंतर पक्के ठाऊक आहे, अशा एका आयर्नने दहा-बारा फटके मारून आकडे जुळतात का ते पाहावे. सगळे आकडे सारख्याच प्रमाणात कमी-जास्त येत असतील, तर सॉफ्टवेअरमधली समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तापमान या नोंदी आधी तपासाव्यात. खेळ चालू असताना इतरांनी खेळाडूच्या बरेच मागे, क्लबच्या कक्षेबाहेर बसावे आणि चेंडू गोळा करायला कोणी पुढे गेले असेल, तर क्लब खाली ठेवावा. खेळ संपल्यावर लॅपटॉप आणि लाँच मॉनिटर घरात न्यावेत. गॅरेजमधली ओल आणि उष्णता त्यांना मानवत नाही. पटिंगचे, म्हणजे चेंडू हळूच घरंगळत भोकात ढकलण्याच्या फटक्यांचे, मोजमाप या किमतीच्या यंत्रांना नीट जमत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये भोकापासून ठरावीक अंतराच्या आतला असा फटका आपोआप मान्य करण्याची सोय चालू करावी आणि पटिंगचा सराव गालिच्यावर वेगळा करावा.