रानातल्या रात्रीची तयारी, गच्चीवर

पुण्याजवळच्या रानात एक रात्र काढायची, आणि विस्तव आगपेटीशिवाय, जुन्या पद्धतीनं पेटवायचा, असा बेत असेल तर आधी तारीख ठरवा, आणि ती दिवाळी ते संक्रांत यांच्यामधलीच ठेवा. पावसाळ्यात ताम्हिणीकडे काडी काय, माणूसही वाळत नाही. फेब्रुवारीनंतर गवत इतकं करकरीत होतं की शिकाऊ हाताची एक ठिणगी अख्खा डोंगर पेटवेल. जागेचं त्याहून अवघड. राखीव वनात विस्तव करणं १९२७च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि भीमाशंकर, ताम्हिणी ही तर अभयारण्यं. गडांवर तर हा खेळ नकोच. मुळशी, भोर, वेल्हे भागात ओळखीच्या कुणाची पड जमीन बघा. मालकाला नुसतं 'मुक्कामाला येतोय' म्हणू नका, विस्तव करणार आहोत हे स्पष्ट सांगा. तो 'या' म्हणाला की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं पुण्यातच उरकायचं. कुठलीही कला रानात पहिल्यांदा करून बघायची नाही, एवढा एकच नियम मी पाळतो.

बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जाऊन गंजलेली, दात झिजलेली कानस घ्या. ती कडक पोलादाची असते, गारगोटीवर झाडली की ठिणगी पडते. स्टेनलेस स्टीलच्या चाकूनं हे काम होत नाही. आपला काळा कातळही उपयोगाचा नाही, त्याच्या पोकळ्यांतून सुटलेली पांढरी गारगोटी हवी. ती नांगरटीत, ओढ्यात भरपूर सापडते. तिला धारदार कड असली पाहिजे. ठिणगी झेलायला जळकं कापड लागतं. जुन्या सुती धोतराचे चौकोन पत्र्याच्या डबीत घालायचे, झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडायचं आणि डबी विस्तवावर ठेवायची. भोकातून धूर यायचा थांबला की उतरवायची. पूर्ण गार झाल्याशिवाय उघडली तर आत फक्त राख मिळते. हा उद्योग मी सोसायटीच्या गच्चीवर केला आणि दोन मजल्यांचं वाळत घातलेलं धुणं धुरकटवलं. तुम्ही निदान सकाळी लवकर करा.

घर्षणानं विस्तव काढायचा असेल तर महिनाभर आधी सुरुवात करा. अग्निहोत्री यज्ञाच्या विस्तवासाठी अरणीची लाकडं घुसळतात तीच ही विद्या, फक्त आपल्याला मंत्र येत नाहीत आणि दमही कमी पडतो. बांधावरच्या घायपाताचा वाळलेला फुलाचा दांडा फिरवायच्या काठीसाठी उत्तम. खालची फळीही हलकीच हवी, नख रुतेल इतकी. वरच्या टोकावर दाबायला करवंटीचा तुकडा घ्या, त्याला खोबरेल लावा, पण खालच्या टोकाला तेलाचा हातसुद्धा लागू देऊ नका. भुकटी तपकिरी पडतेय म्हणजे अजून जोर कमी आहे. ती काळी पडून, काठी थांबवल्यावरही धुमसत राहिली तर निखारा झाला. मला तो पाचव्या रविवारी मिळाला, आणि आनंदाच्या भरात मी त्याच्यावर शिंकलो.

दोरीही घायपाताचीच. पानं ठेचून, विळ्याच्या मागच्या बोथट बाजूनं घासून गर काढायचा, वाख धुवून वाळवायचा. हा रस अंगाला भयंकर खाजतो, हातमोजे घाला. मग दोन पदर घेऊन प्रत्येकाला उजवीकडे पीळ द्यायचा आणि एकमेकांवर डावीकडे टाकायचे. दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात. टीव्ही बघता बघता हातभर होते. पीळ जमेपर्यंत बोहरी आळीतला सुंभ जवळ असू द्या. पूर्वी पानटपरीवर बिडी पेटवायला तो धुमसत टांगलेला असायचा. निखारा टिकवायलाही तो कामाला येतो.

पाण्याबाबत आदिमपणा करू नका. प्रत्येकी चार लिटर घरून न्या. ओढ्याचं पाणी सरावासाठी घ्या, फडक्यानं गाळा, खळखळून उकळा, आणि तरीही पहिल्या खेपेला त्यात फक्त भांडी विसळा. रानातलं काही तोंडात घालायचा बेतही तसाच बाजूला ठेवा. रानातला कंद ओळखायला गावातली म्हातारी सोबत हवी.

झोपायला भाताचा पेंढा मालकाकडे मागा. वीतभर जाड थर घाला, अंथरण्याआधी झटका, विंचू असतो. ओली कारवी तोडायची नाही, पडलेलीच वापरा. खाजकुयलीच्या शेंगा या दिवसांत वाळलेल्या असतात. कुसं लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टीनं उचला.

घोट्यावर येणारे बूट आणि विजेरी यांत काटकसर नको. दगड हातानं उचलायचा नाही, खाली फुरसं असू शकतं. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही न करता तो अवयव हलू न देता १०८ला फोन करायचा. म्हणून निघण्याआधीच जवळच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का हे विचारून ठेवा, आणि फोनला रेंज कुठल्या टेकाडावर येते तेही मालकाला विचारा. घरी जागेचं नाव आणि परतीची वेळ कागदावर लिहून फ्रिजला लावा.

शेवटी आगपेटी. ती प्लास्टिकमध्ये बांधून सोबतच्या सगळ्यात हट्टी माणसाकडे द्या आणि कितीला उघडायची ते आधीच ठरवा. आम्ही नऊ ठरवले होते. उघडली सव्वासातला. पिठलं झकास झालं होतं.