दीड टन विसरा: न्यू जर्सीच्या भाड्याच्या घरासाठी एसी घेताना

नागपूर-पुण्याहून नुकतंच आलेलं माणूस इथल्या दुकानात पहिलं विचारतं ते "दीड टनाचा कुठला?" इथल्या खिडकीच्या एसीवर टन नसतात, बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) असतात. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे दीड टनाचे १८,००० झाले. एडिसन किंवा जर्सी सिटीतल्या साध्या बेडरूमला त्याचा तिसरा हिस्साही लागत नाही.

तिकडचा हिशोब ४० अंशांपुढच्या उन्हाचा, तापलेल्या स्लॅबचा आणि एकेरी काचेचा. इथे जुलैतली दुपार साधारण ३० अंशांची, भिंतींत इन्सुलेशन आणि खिडक्यांना बहुधा दुहेरी काच. खरा त्रास घामाचा, अगदी मुंबईच्या मे महिन्यासारखा. म्हणूनच गरजेपेक्षा मोठा एसी इथे जास्त नडतो. तो पाच-सात मिनिटांत खोली गार करतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. हवेतलं पाणी कॉइलवर जमून खाली गळायला मात्र कॉम्प्रेसर बराच वेळ सलग चालावा लागतो. मग खोली गार होते, पण चादर दमट लागते आणि लोक तापमानाचा आकडा आणखी खाली नेतात. त्याने दमटपणा जात नाही, बिल तेवढं वाढतं. त्यात पंखा सतत चालू ठेवला, तर ओल्या कॉइलवरचं पाणी तो पुन्हा खोलीत सोडतो. म्हणून कॉम्प्रेसरबरोबर पंखाही थांबवणारा 'एनर्जी सेव्हर' मोड वापरा. इन्व्हर्टर एसी स्वतःची क्षमता कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे थोडा मोठा घेतला तरी खपतं. साध्याला नाही.

मोजमाप टेपने करा, घराच्या जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. लांबी गुणिले रुंदी, चौरस फुटांत. १०० ते १५० ला ५,००० बीटीयू, १५० ते २५० ला ६,०००, २५० ते ३०० ला ७,०००, ३०० ते ३५० ला ८,०००, ३५० ते ४०० ला ९,०००, ४०० ते ४५० ला १०,००० आणि ४५० ते ५५० ला १२,०००. हे आठ फूट उंचीच्या छताचे आकडे आहेत. छत नऊ फुटी असेल तर आठवा हिस्सा वाढवा. खोलीत भरपूर ऊन येत असेल तर १० टक्के अधिक, दिवसभर सावली असेल तर १० टक्के कमी. दोनपेक्षा जास्त माणसं नेहमी बसत असतील तर प्रत्येक जादा माणसामागे ६००. आणि स्वयंपाकघर त्याच जागेत असेल तर थेट ४,००० वाढवा. आपल्याकडे कुकर आणि फोडणी रोजचीच, तेव्हा इथे काटकसर नको.

उदाहरणच घ्या. ११ बाय १३ ची बेडरूम १४३ चौरस फूट, ५,००० पुरे. १८ बाय २० चा हॉल, त्यातच ओटा आणि घरात चौघं: ९,००० अधिक ४,००० अधिक १,२००, म्हणजे १४,२००.

इथे विजेचा प्रश्न येतो. भिंतीतला साधा प्लग १२० व्होल्ट, १५ अँपिअरचा असतो आणि तासन्‌तास चालणाऱ्या उपकरणाने त्यातून १२ अँपिअरपेक्षा, म्हणजे साधारण १,४४० वॉटपेक्षा जास्त घेऊ नये. १२,००० बीटीयूचा एसी हजार वॉटच्या आसपास खातो. त्याच ब्रेकरवर मायक्रोवेव्ह असेल तर दोन्ही एकदम लावताच ब्रेकर पडणार. १८,००० च्या एसीला तर बहुतेक वेळा २३० व्होल्टचा वेगळा प्लग लागतो, त्याच्या पिनाही वेगळ्या ठेवणीच्या. तो भाड्याच्या हॉलमध्ये सहसा नसतो. म्हणून मोठ्या हॉलला एक मोठा घेण्यापेक्षा वेगवेगळ्या ब्रेकरवर दोन लहान बसवणं शहाणपणाचं. कुठला प्लग कुठल्या ब्रेकरवर आहे ते एकेक ब्रेकर पाडून आधीच बघून घ्या. एक्स्टेंशन कॉर्ड अजिबात नको, ती तापते. भारतातला एसी सामानात आणायचा विचारही नको: तो २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झचा आणि इथे ६० हर्ट्‌झ.

पैसे देण्याआधी खिडकी मोजा. बहुतेक एसी खालून वर सरकणाऱ्या, साधारण २३ ते ३६ इंच रुंद खिडकीसाठी असतात. आडव्या सरकणाऱ्या खिडकीला अरुंद, उभा एसी वेगळा मिळतो. जुन्या इमारतींत खिडकीखाली भिंतीतच पत्र्याची चौकट असते. तिच्यात खिडकीचा एसी कोंबू नका. त्याला दोन्ही बाजूंनी हवा लागते, त्या जाळ्या चौकटीत झाकल्या की कॉम्प्रेसर तापून बंद पडतो. चौकटीसाठी 'थ्रू द वॉल' प्रकारचाच घ्या. घरमालकाची परवानगी लेखी घ्या. काही इमारतींत आधाराची ब्रॅकेट सक्तीची असते, आणि सक्ती नसली तरी १२,००० च्या सत्तरएक पौंड वजनाला ती लावाच.

चाकांवरचा पोर्टेबल एसी शक्यतो टाळा. खोक्यावर मोठ्या अक्षरात १४,००० असतं, पण बाजूला बारीक अक्षरात 'एसएसीसी'चा, म्हणजे प्रत्यक्षात मिळणाऱ्या गारव्याचा, आकडा बघा. तो कितीतरी कमी असतो आणि खोलीशी जुळवायचा तोच. एका नळीचा पोर्टेबल खोलीतलीच गार हवा बाहेर फेकतो, तेवढीच गरम हवा दाराच्या फटींतून आत येते.

बसवताना एसी बाहेरच्या बाजूला किंचित कललेला असू द्या, कडेच्या फटी फोमने बंद करा. चालताना आतून पाणी उडाल्याचा आवाज आला तर घाबरू नका: अनेक मॉडेलांत मागचा पंखा साचलेलं पाणी मुद्दाम गरम कॉइलवर उडवतो, त्याने ती लवकर निवते. ते पाणी काढायला तळाला भोक मात्र पाडू नका.