कॅल्मोड्युलिन दडपून लिव्हर फ्लूकची वाढ आणि हालचाल कशी तपासावी

मेंढ्या-गुरांच्या यकृतात शिरणाऱ्या फॅसिओला हेपॅटिका (लिव्हर फ्लूक) या चपट्या कृमीच्या कोवळ्या अवस्थेवरही चालणारे प्रमुख औषध म्हणजे ट्रायक्लाबेंडाझोल. त्याला दाद न देणारे कृमी १९९०च्या दशकातच ऑस्ट्रेलियात आढळले, म्हणून नवे लक्ष्य शोधणे निकडीचे आहे. पेशीतील कॅल्शियमचे चढउतार ओळखणारे कॅल्मोड्युलिन हे प्रथिन त्यासाठी तपासण्याजोगे आहे.

वनस्पतींवर चिकटून राहणारे या कृमीचे कोश पित्तयुक्त द्रावणात उबवून त्यांतून कोवळे कृमी बाहेर काढावेत. हे कोश पोटात गेल्यास माणसालाही बाधा होते, त्यामुळे हातमोजे अनिवार्य समजावेत. त्यानंतर कॅल्मोड्युलिनच्या जनुकाशी जुळणाऱ्या, सुमारे २०० न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतील एकेक घटक) लांबीच्या दुपदरी आरएनएच्या द्रावणात कृमी भिजवावेत; असा आरएनए त्या जनुकाचा संदेश दडपतो. २७ न्यूक्लिओटाइडचे आखूड आरएनएही चालतात, पण त्यांचा प्रभाव कमी पडतो. एका गटाला कृमीत मुळात नसलेल्या जनुकाचा आरएनए द्यावा आणि दुसऱ्याला काहीच देऊ नये. या तुलनेच्या गटांत काटकसर मुळीच करू नये, कारण दिसलेला बदल कॅल्मोड्युलिनमुळेच झाला की कोणत्याही आरएनएच्या सान्निध्यामुळे, हे त्यांच्याशिवाय सांगता येत नाही.

जनुकाचा संदेश, म्हणजे त्यावरून बनणारा आरएनए, घटला आहे का, हे क्यूपीसीआर या त्याचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीने पाहावे, पण तेवढ्यावर थांबू नये. आधी तयार झालेले प्रथिन पेशीत टिकून राहू शकते, म्हणून वेस्टर्न ब्लॉट या प्रथिने ओळखणाऱ्या चाचणीने प्रथिनही मोजावे. याच पद्धतीने केलेल्या व २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्पकाळ दिलेल्या लांब आरएनएचा परिणाम किमान २१ दिवस टिकला. निरीक्षणाचा काळ त्या बेताने ठरवावा.

वाढीसाठी ठरावीक दिवसांनी छायाचित्रे घेऊन प्रत्येक कृमीच्या शरीराचे क्षेत्रफळ मोजावे. हालचाल मात्र चित्रफितीवरून, गटाचे नाव झाकून मोजावी. प्रथिन गेले म्हणजे कृमी मंदावेल, असे गृहीत धरणे घातक ठरते: त्या अभ्यासात कृमींची वाढ खुंटली, पण त्यांची हालचाल व स्थलांतर उलट वाढले. अशी अतिचंचलता निरोगीपणाची खूण मानू नये. प्रथिनाच्या अभावी स्नायूंवरील नियंत्रण बिघडल्याचेही ते लक्षण असू शकते.

शेवटी ट्रायफ्लुओपेराझिन हे कॅल्मोड्युलिन रोखणारे रसायन वेगळ्या कृमींना द्यावे. त्यानेही वाढ घटून हालचाल वाढली, तर निष्कर्षाला भक्कम आधार मिळतो. २०१६च्या अभ्यासात तसेच घडले. मात्र कॅल्मोड्युलिन मेंढीच्या पेशींतही असते, तेव्हा औषधाचा विचार करण्यापूर्वी कृमीच्या आणि यजमानाच्या प्रथिनांतील फरक तपासावा.