मोठ्या संख्येची ओळख कशी करून घ्यावी : १,४२,८५७ चे उदाहरण

मोठी संख्या हाती आली की प्रथम तिचे मूळ अवयव पाडावेत, कारण पुढचे बहुतेक निष्कर्ष त्यांतूनच निघतात. १,४२,८५७ च्या अंकांची बेरीज २७ असल्याने तिला ९ ने नक्की भाग जातो. प्रत्यक्षात ३ ने तीनदा भाग जाऊन ५,२९१ उरतात. या संख्येला ५ ने किंवा ७ ने भाग जात नाही. ११ च्या कसोटीसाठी एकाआड एक अंकांच्या बेरजा घ्याव्यात : ५ + ९ = १४ आणि २ + १ = ३. त्यांतील फरक ११ असल्याने भाग जातो आणि ४८१ उरतात. ४८१ चे वर्गमूळ २२ पेक्षा कमी असल्याने आता फक्त १३, १७ आणि १९ तपासायचे राहतात, आणि १३ × ३७ = ४८१ हे पहिल्याच प्रयत्नात मिळते. दर भागाकारानंतर तपासणीची मर्यादा अशी खाली आणली, तर वहीत पुष्कळ श्रम वाचतात.

म्हणजे ही संख्या ३³ × ११ × १३ × ३७ आहे. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या ४ × २ × २ × २ = ३२ येते. सर्व विभाजकांची बेरीज ४० × १२ × १४ × ३८ = २,५५,३६० होते; त्यातून मूळ संख्या वजा केल्यावर १,१२,५०३ उरतात. ही बाकी मूळ संख्येपेक्षा कमी असल्याने १,४२,८५७ ही न्यून संख्या ठरते.

यानंतर अंकांवर आधारलेले गुणधर्म पाहावेत, पण ते वेगळे नोंदवावेत असे माझे आग्रहाचे मत आहे. विभाजक कोणत्याही पायात (संख्या लिहिण्याच्या पद्धतीत) तेच राहतात, अंक मात्र दशमान पद्धतीपुरते असतात. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अभ्यासलेले दोन प्रकार येथे एकत्र भेटतात. अंकांच्या बेरजेने, म्हणजे २७ ने, निःशेष भाग जातो. म्हणून ही हर्षद संख्या आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ येतो; त्याचे उजवीकडचे सहा अंक तोडून उरलेल्या भागात मिळवले, तर २०४०८ + १२२४४९ = १४२८५७, म्हणून ती कापरेकर संख्याही आहे.

तिचा सर्वांत सुंदर गुणधर्म मात्र चक्रीयतेचा आहे. २ ने गुणल्यास २८५७१४, ३ ने गुणल्यास ४२८५७१ अशा रीतीने ६ पर्यंत तेच अंक त्याच क्रमाने फिरतात, आणि ७ ने गुणल्यावर ९९९९९९ येतात. याचे कारण असे की १/७ च्या दशांशात १४२८५७ हेच अंक पुन्हा पुन्हा येतात; ते पाहायचे असेल तर १ ला ७ ने लांब भागाकाराने भागून बाक्या लिहाव्यात : ३, २, ६, ४, ५, १. शून्य वगळता शक्य असलेल्या सहाही बाक्या येऊन गेल्यावरच चक्र पुन्हा सुरू होते. म्हणून २/७ किंवा ३/७ चा भागाकार म्हणजे त्याच चक्रात दुसऱ्या ठिकाणाहून केलेली सुरुवात असते. हाच प्रयोग १/१७ वर केल्यास ०५८८२३५२९४११७६४७ हा सोळा अंकांचा चक्रीय गट मिळतो. त्यात आरंभीचे शून्य गाळले की चक्र मोडते, म्हणून गुणाकार करताना ते अवश्य लिहावे.