समुद्रात गेलेल्या आजोबांची नोंद आडनावाने मिळत नव्हती, ती अशी मिळाली

आमचं गाव मालवणजवळ. आजोबा दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत होते. बोट बुडाली, देह मिळाला नाही. महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आडनाव टाकलं की निकाल शून्य. स्पेलिंगं बदलली, 'सिंधुदुर्ग' टाकलं, अर्ज केले. तीन वर्षं जीव रडकुंडीला आला.

आजोबांच्या नोंदीत आडनावच नव्हतं. त्या जागी पणजोबांचं नाव होतं.

म्हणून नाव-आडनावाचे रकाने रिकामे सोडा. युद्ध दुसरं, सेवा नेव्ही निवडा (व्यापारी बोटीवर असतील तर मर्चंट नेव्ही). मग स्मारकाच्या रकान्यात 'बॉम्बे/चितगाव १९३९-१९४५ वॉर मेमोरियल'. ज्यांना समुद्राखेरीज थडगं नाही, त्यांची नावं इथे आहेत. शेवटी अधिक माहितीच्या रकान्यात 'रत्नागिरी', कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला; तेव्हाचे मालवण, वेंगुर्ले सगळे रत्नागिरीतच. एवढं करूनही नाव दिसलं नाही, तर 'रत्नागिरी' काढा आणि पूर्ण यादी वाचा. नेव्हीची नावं चारशेच्या वर आहेत, एका रात्रीत वाचून होतात. मर्चंट नेव्हीची मात्र सहा हजारांच्या घरात जातात, तिथे वडिलांच्या नावानेच शोधा.

नाव जुळलं म्हणून थांबू नका, तारीख आणि गाव ताडून बघा. आमच्या नोंदीत गावाच्या 'व'ला 'व्ही'ऐवजी 'डब्ल्यू' होता. पुढे बायकोचं नाव: आमची आजी. दर नारळी पौर्णिमेला ती नारळ घेऊन एकटीच पुळणीवर जायची.