सीलबंद कॉम्प्रेसरमधलं तेल कुठल्या नळीतून काढायचं?

फ्रिज-एसीच्या सीलबंद कॉम्प्रेसरला ड्रेन प्लग (तेल काढायचं बूच) नसतो, त्यामुळे जागेवरच तेल काढायच्या भानगडीत पडू नका. आधी गॅस रिकव्हर करा, म्हणजे सिलिंडरमध्ये काढून घ्या, मग नळ्या कटरने कापून कॉम्प्रेसर बाहेर काढा. फ्रिजमधला गॅस आर-६०० ए असेल तर ब्रेझिंगचा (नळ्या जोडायचा) पेटता टॉर्च लांबच ठेवा. तो गॅस पेट घेतो.

आता खरी गोम. फ्रिजच्या पिस्टनवाल्या कॉम्प्रेसरची सक्शन नळी (गॅस आत ओढणारी) थेट कॉम्प्रेसरच्या डब्यात उघडते, म्हणून तो तिरका करून सक्शन किंवा चार्जिंग (गॅस भरायच्या) नळीतूनच तेल बाहेर ओता. डिस्चार्जकडून (दाबलेला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीकडून) थेंब थेंब बघत बसाल. स्प्लिट एसीच्या रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या रोलरच्या) कॉम्प्रेसरमध्ये उलटं असतं: तिथे डब्यातच डिस्चार्जचा दाब असतो, तेल डिस्चार्ज नळीतून निघतं.

निघालेलं तेल मापाच्या भांड्यात घ्या. काळं, जळकट वासाचं असेल तर त्यात ॲसिड आहे असं धरा, हातमोजे हवेतच. गळती नसेल तर जेवढं निघालं तेवढंच भरा, प्रकारही तोच. आर-१३४ ए गॅससोबतचं पीओई (एक कृत्रिम) तेल हवेतलं पाणी शोषतं. मुंबईच्या पावसाळ्यात तर कॉम्प्रेसर उघडा ठेवून चहाला जाऊच नका, नळ्यांना लगेच रबरी बुचं लावा. जुनं तेल गटारात नको.